गिरजाबाईंचा रद्दनामा

माझा सगळा जन्म दुसऱ्यांच्या वतीनं लिहिण्यात गेला. कागदावर 'मी' असं लिहायचं आणि तो मी कधीच नसायचो. त्यामुळे दिवाळी अंकासाठी स्वतःच्या कामाबद्दल लिहा, अशी गळ एका ओळखीच्या मास्तरांनी घातली तेव्हा पहिले दोन दिवस दस्ताच्या सवयीनं लिहिलेल्या 'लिहून देणार' या शब्दांपुढे माझी लेखणी सरकेना. बायको म्हणाली, "लोकाइचे एवढे दस्त लिवले, आन सोताचे दोन पानं लिवता येत नाई का?" तिचं खरं होतं, म्हणून बसलो.

आमचं गाव बोथ, तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातलं. सरकारी कचेऱ्यांसमोर, लिंबाच्या सावलीत माझं टेबल होतं. लोक मला मुन्शी म्हणत, फार जुनी माणसं अर्जनवीस म्हणत, आणि पाटीवर 'डॉक्युमेंट रायटर' असं होतं. तिन्हींचा पगार सारखाच, म्हणजे शून्य. गिऱ्हाईक देईल ते खरं. दस्त तेलुगूत लिहायचा, अधिकाऱ्याशी तेलुगूत बोलायचं, पक्षकाराला मराठीत समजवायचं, व्यापारी असला तर हिंदीत, आणि मधले शब्द निजामाच्या काळचे: कब्जा, हद्द, तकरार, मुखत्यार. चार भाषांमधली भांडणं मी ऐकली आहेत. भावाभावांचं भांडण सगळ्या भाषांत सारखंच असतं, एवढं मात्र अनुभवानं सांगतो.

यातला मुखत्यार हा शब्द जरा उलगडून सांगायला हवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे. मुखत्यारपत्र म्हणजे आपला हात दुसऱ्याला वापरायला देणं. आपल्याला चालवत नाही, कचेरीच्या पायऱ्या चढवत नाहीत, तर आपल्या जागी तो सही करील. यात दोन जाती. एक खास, ती एका ठरावीक कामापुरती. दुसरी आम, ती सगळ्या कामांना. खास म्हणजे शेजारणीला पायलीभर ज्वारी दळायला देणं, आणि आम म्हणजे तिच्या हाती कोठीची किल्लीच देणं. आणि एक गोष्ट लोकांना शंभरदा सांगूनही पटत नाही: देणाऱ्याचं डोकं शाबूत असेल तोवरच हा कागद जिवंत. माणूस गेला की कागद गेला. माणसाला आपलं-परकं कळेनासं झालं, तरीही कागद गेलाच. मग कोर्टात जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो, आणि कोर्टाचं नाव काढलं की लोक मुन्शीकडेच परत येतात.

नेरडीगोंड्याच्या बाजूचे दोन भाऊ एकदा म्हाताऱ्या बापाला ऑटोत घालून घेऊन आले. बाप डोळे उघडे ठेवून बसलेला, पण कुठे पाहतोय ते कळत नव्हतं. मी म्हटलं, यांना समजत नाही, कागद होणार नाही. थोरला म्हणाला, "मान हालवते ना काका! हो म्हन्ते सगळ्याले. आजून काय पाह्यजे?" मी म्हाताऱ्याच्या कानाशी वाकलो आणि विचारलं, "बाबा, माह्यासंगं लगन लावता का?" बाबांनी मान हलवली, हो. धाकट्याला हसू आवरेना. ऑटो आला तसा परत गेला, आणि माझं त्या दिवसाचं गिऱ्हाईकही गेलं.

दुसरा एक शहाणा बाप होता. चार मुलं, चौघांची तोंडं चार दिशांना. त्यानं चौघांना मिळून एकच मुखत्यारपत्र दिलं, आणि अट घातली की चौघांच्या सह्या असल्याशिवाय काहीच चालणार नाही. लाइटचं बिल दुरुस्त करायचं तरी चौघं एका बाकावर येऊन बसत. आधी पाठी फिरवून बसायचे, वर्षभरानं एका पुडीतले फुटाणे खायला लागले. ही युक्ती माझी, असं मी पुढे पुष्कळांना सांगितलं आहे. युक्ती त्या बापाचीच होती.

आता गिरजाबाईंचं सांगतो. हे सांगायला मला जरा जड जातं, कारण यात चूक माझी आहे.

गिरजाबाई भाजी पिकवायच्या आणि बाजारात बसून विकायच्या. नवरा लवकर गेला, पदरात दोन लेकरं. ओढ्याकाठच्या तुकड्यात मेथी, पालक, अंबाडी, सांबार. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पहाटे खुडायचं, डोक्यावर टोपलं घेऊन यायचं आणि विकलं जाईपर्यंत उन्हात बसायचं. भाजी विकून विकून त्यांनी बाजाराच्या रस्त्यावर एक लांबट जागा घेतली. तिचा दस्त मीच लिहिला. जागा झाल्यावर त्यांनी तिच्यावर टिनं टाकली आणि स्वतःबरोबर आणखी चार भाजीवाल्यांना सावलीत आणून बसवलं. त्यांच्याकडून कधी काही घेतलं नाही. विचारलं तर म्हणायच्या, "उन्हात बसून पाहा एक दिस, मंग इचारा."

एका थंडीत त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. मुलगी मंगल किनवटकडे दिलेली. मुलगा गजानन इथंच, त्याचं मोटारी भरायचं दुकान. म्हणजे पाण्याच्या मोटारीची जळलेली तार काढून नवी गुंडाळायचं काम. आईचं सगळं त्याच्यावर आलं. महिनाभरानं तो माझ्याकडे आला. पेन्शन, दवाखाना, घरपट्टी, सगळीकडे आईची सही मागतात. मुखत्यारपत्र करून द्या म्हणाला. रास्त मागणी होती.

माझ्या संगणकात आम मुखत्यारपत्राचा तयार मसुदा होता. नाव, वय, पत्ता बदलला की कागद तयार. जागेची घरपट्टी त्याला भरता यावी म्हणून जागेच्या हद्दीही मीच खाली घातल्या. गिरजाबाई अंथरुणावर होत्या, त्यामुळे कागद नोंदवायला तेव्हाचे नोंदणी अधिकारी घरी आले. आता आमच्या धंद्यातली एक खोड सांगतो. कागद तेलुगूत असतो आणि शेवटी एक ओळ असते: 'वरील मजकूर लिहून देणाराला त्याच्या भाषेत वाचून व समजावून दिला.' तिच्याखाली मुन्शीची सही. आम्ही वाचत मात्र नाही, सार सांगतो. चार चार पानं वाचत बसलो तर रांग रस्त्यावर जाईल. मी गिरजाबाईंना म्हणालो, "गजू तुमचे सरकारी कामं पाहीन, असं लिवलं हाय."

त्यांनी जड जिभेनं विचारलं, "आजून काय लिवलं?"

"बाकी कायद्याची भाषा हाय," मी म्हणालो.

अधिकाऱ्यांनी विचारलं, वाचून दाखवलं का? मी हो म्हणालो. अंगठा झाला, चहा झाला, मी टेबलावर परत आलो.

आठ महिन्यांनी मंगल माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. दुपारची गर्दी होती, पण तिनं आवाज खाली आणला नाही.

"काका, तुमी माह्या मायचा हात कापून देल्ला! गजू जागा इकून राह्यला. सौदा झाला. येत्या शुक्रवारी दस्त हाय म्हन्ते."

"असं कसं, मंगल? त्याचा कागद तर दवाखान्याचा आन पेन्शनीचा हाय."

"वाचा मंग."

मी नक्कल काढली. आयुष्यात पहिल्यांदा तो मसुदा मी अक्षर लावून वाचला. सात नंबरचं कलम: मिळकत विकणे, गहाण ठेवणे, मोबदला घेऊन पावती देणे. माझ्याच टेबलावर तयार झालेला, खाली माझीच सही असलेला कागद. इतकी वर्षं लोकांना सही करायच्या आधी वाचा म्हणून बजावणारा मी.

दुसऱ्या दिवशी गजानन दुकानात असताना मी गिरजाबाईंकडे गेलो. मंगल तिथंच उतरली होती. खोली स्वच्छ होती, अंथरूण कोरडं होतं, उशाशी औषधं ओळीनं लावलेली होती, हे मी पाहिलं. मी जे झालं ते सांगितलं. सबब सांगितली नाही, कारण नव्हतीच. त्यांना बोलायला वेळ लागायचा. शब्द दुरून चालत आल्यासारखा यायचा.

"मुन्शीभाऊ," त्या म्हणाल्या, "तुमी माह्यी मेथी घ्याचे, तवा... जुडी उलटून पाहाचे."

"हो, पाहाचो."

"काऊन?"

"वरून हिरवी असते आन आत पिवळी निघते, म्हून."

"मंग कागद... काऊन नाई उलटला?"

कोणी शिव्या दिल्या असत्या तर मी त्या झेलल्या असत्या. या बाईनं फक्त विचारलं, आणि विचारून झाल्यावर मंगलला म्हणाली, "काकाले पानी दे."

मग त्यांनी ठरवलं. कागद रद्द करायचा. मंगल म्हणाली, गजूला कळू न देता कचेरीत जाऊ. त्यावर गिरजाबाईंनी डावा हात हलवला. "त्याच्या माघारी नाई. गजूले सांगा. त्याच्या तोंडावर करीन." अर्धं अंग गेलेली, जेवणपाण्याला मुलावर अवलंबून असलेली बाई. त्याच मुलाच्या विरुद्ध कागद करणार आणि त्याला बोलावून करणार. मी अनेक मोठी माणसं कचेरीत मागच्या दारानं येताना पाहिली आहेत. म्हणून त्या क्षणी मला तिच्यापुढे फार लहान वाटलं.

निरोप सांगायला मीच गजाननच्या दुकानात गेलो. तो तार गुंडाळत होता, हात थांबवला नाही त्यानं.

"मायचं डोकं ठिकानावर नाई काका. कालचं आज ध्यानात राहत नाई तिच्या. तिले काय समजते रद्द आन फद्द?"

"गजू, डोकं ठिकानावर नसन, तर तुहा कागद आपोआपच मेला. अन् असन, तर ती तो रद्द करू शकते. दोन्हीकडून शुक्रवारचा दस्त होत नाई."

आता त्याचा हात थांबला. मग जे तो बोलला ते मला अजून आठवतं.

"मंग तुमी लिवलं काऊन तसं? मी मागतलं होतं का इकाचं कलम? कागद घरी नेऊन वाचला, तवा मले समजलं का जागा इकता येते. तोवरी माह्या मनातबी नव्हतं. आदिलाबादले मोठं दुकान टाकतो, मायले तिथं मोठ्या दवाखान्याच्या जवळ ठेवतो, हे सारं तुमच्या सात नंबरनं सुचवलं मले."

त्यानं हे खोटं बोलायचं म्हणून म्हटलेलं नव्हतं. मी उठलो आणि गुरुवारी ये, एवढंच म्हणालो.

गुरुवारी मंगल आईला ऑटोनं कचेरीत घेऊन आली. कचेरीला तीन पायऱ्या. मंगल आणि ऑटोवाला दोघं मिळून त्यांना उचलायला लागले, तर गिरजाबाई सीटवरून घसरायला लागल्या. तेवढ्यात गजाननची मोटरसायकल आली. गाडी तशीच आडवी लावून तो धावला.

"असं नाई! काखेत हात नको घालू, खांदा उतरते तिचा. सरक."

त्यानं एक हात पाठीमागं, एक गुडघ्याखाली घालून आईला अलगद उचललं, पायऱ्या चढला, खुर्चीवर बसवलं, उजवा लुळा हात मांडीवर नीट ठेवला, पदर सारखा केला. मग वळून अधिकाऱ्यांना तेलुगूत म्हणाला की माझ्या आईला काहीही कळत नाही.

त्या वेळी अधिकारी एक बाई होत्या, नव्यानं आलेल्या. मराठी थोडीथोडी समजायची, बोलता येत नव्हती. त्यांनी आधी सगळ्यांना दारापाशी उभं केलं, दुभाषा म्हणून मला जवळ बोलावलं, आणि पहिला कागद उलटून शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे तुम्ही वाचून दाखवलं होतं?"

धंद्यातले लोक आजूबाजूला उभे होते. एक वेळ वाटलं, हो म्हणावं. मी म्हणालो, "नाही मॅडम. सार सांगितलं होतं. विकायचं कलम सांगितलं नव्हतं. मलाच माहीत नव्हतं." त्यांनी त्यांच्या कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते विचारायची माझी छाती झाली नाही. "आता शब्द न् शब्द सांगायचा," त्या म्हणाल्या. "त्यांचा मला, आणि माझा त्यांना."

मग त्यांनी गिरजाबाईंना आजची तारीख विचारली. मी मराठीत सांगितलं. गिरजाबाई गप्प. साल कोणतं? गप्प. दारातून गजानन म्हणाला, "पाह्यलं?" मॅडमनी हात वर करून त्याला थांबवलं. घाई करणारे अधिकारी मी भरपूर पाहिले, वाट पाहणारे फार थोडे. या बाईंनी पेन खाली ठेवलं, खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "आजी, बाहेर सध्या कसले दिवस चालू आहेत?"

गिरजाबाईंच्या ओठांची हालचाल सुरू झाली. आम्ही थांबलो. पंखा फिरत होता, संगणकावरचा ऑपरेटर जांभई देत होता.

"उत्तरा... सरली," त्या म्हणाल्या. "हस्त लागला. तीन दिस झाले. मेथी टाकाचे दिस. सांबार टाकाचे. गजूनं आजून... वाफे नाई केले."

मी तेलुगूत सांगायला तोंड उघडलं, तर मॅडमच म्हणाल्या, "हस्त कार्ते?" आणि मागं वळून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. तेलुगू कॅलेंडरावर शेतकऱ्यांसाठी कार्ते, म्हणजे पावसाची नक्षत्रं, छापलेली असतात. त्यांनी बोटानं दिवस मोजले. तीनच झाले होते. त्या हसल्या. म्हणाल्या, माझ्या वडिलांनाही तारीख विचारली तर सांगता यायची नाही, पण कोणत्या कार्तेत काय पेरायचं यात ते जन्मात चुकले नाहीत.

पण तेवढ्यावर त्यांनी भागवलं नाही, हे मला विशेष वाटलं. जागा कोणाची, म्हणून विचारलं. "माही." तिथं काय आहे? "टिनं हाय. मी बसाची. आता... त्या चार बाया बसतेत." मुलानं विकली तर काय होईल? "त्या उन्हात जातीन." थांबून पुन्हा म्हणाल्या, "आन मले इचारलं नाई." मुलावर राग आहे का? याला सगळ्यांत जास्त वेळ लागला. "त्याच्यावर नाई. कागदावर हाय."

मॅडमनी मला वाचायला सांगितलं. मी पहिला कागद पहिल्या ओळीपासून मराठीत वाचला. सात नंबरचं कलम आलं, तेही वाचलं. गिरजाबाई म्हणाल्या, "पुन्हा." मी पुन्हा वाचलं. मग रद्द करण्याचा कागद वाचला. बाहेर रांग खोळंबली होती, कोणीतरी खाकरत होतं. त्या दिवसानंतर मी एकही कागद सार सांगून उरकला नाही. त्यामुळे माझी बरीच गिऱ्हाइकं बाजूच्या टेबलावर गेली. जाऊ देत.

रद्दनामा वाचून झाल्यावर मंगल पुढे आली. पिशवीतून तिनं एक तयार दस्त काढला. "मॅडम, हा नवा. मायचं सगळं मी पाहीन आता. माह्या नावानं करा." गावातल्याच दुसऱ्या कोणाकडून तिनं तो करून आणला होता.

गिरजाबाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "वाचा."

मी वाचायला लागलो आणि सातव्या कलमाला थांबलो. तोच मसुदा, तीच ओळ: विकणे, गहाण ठेवणे. मंगलचा चेहरा पडला. "आईशप्पथ, मले मालूम नव्हतं," ती म्हणाली. मला ते लगेच पटलं. मलाही मालूम नव्हतं.

"कोनालेच नाई," गिरजाबाई म्हणाल्या. "मी हाय तोवरी... जागा माही. दवाखाना आन पेन्शन, तेवढं लिवा. खास. गजूच्या नावानं."

"माय!" मंगल ओरडलीच. "जो इकून राह्यला, त्याच्याच नावानं?"

गिरजाबाईंनी लेकीकडे पाहिलं. रागानं नाही. पुढचं त्या न अडखळता बोलल्या. "तू माह्यासाठी लडते, बाई. तो मले रोज उचलते."

मंगल रडायला लागली. दाराशी गजानन मान खाली घालून उभा होता. आणि मी, ज्यानं आयुष्यभर वाटण्यांचे कागद लिहिले, ज्याला वाटायचं की न्याय कशाला म्हणतात ते आपल्याला कळतं, मी मनातल्या मनात त्या बाईला हात जोडले. मुलानं केलेली चूक एकीकडे आणि त्यानं केलेली सेवा एकीकडे, दोन्ही तिनं वेगवेगळ्या टोपल्यांत ठेवल्या. तारीख न सांगता येणाऱ्या बाईनं. खास कागद मी तिथंच बसून लिहिला, एक पान, आणि तोही वाचला.

उरला अंगठा. आता तो शाईनं तर घेतातच, पण आधी काचेच्या यंत्रावर टेकवावा लागतो. हिरवी बत्ती लागली तर पुढचं बटण दाबता येतं. ऑपरेटरनं गिरजाबाईंचा डावा अंगठा काचेवर ठेवला. लाल. पुन्हा ठेवला. लाल. मातीत आणि भाजीत जन्म गेलेला अंगठा, त्याच्या रेषा कधीच पुसल्या होत्या. चार-पाच वेळा झालं. ऑपरेटर म्हणाला, येत नाही मॅडम, दुसरा दिवस घ्यावा लागेल. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. दुसरा दिवस म्हणजे सोमवार, कारण उद्याच्या सगळ्या वेळा आधीच भरलेल्या होत्या. विक्रीचा दस्त उद्याच होता, आणि जागा घेणारा व्यापारी सकाळपासून बाहेर चकरा मारताना मी पाहिला होता. रद्दनामा झाला नाही, तर गजाननचा कागद उद्या सकाळी दहा वाजता जसाच्या तसा जिवंत राहणार होता.

जागा विकली जायला गजाननला काहीही करावं लागणार नव्हतं. नुसतं दारात उभं राहायचं होतं.

ऑपरेटरनं अंगठा आणखी जोरात दाबला. गिरजाबाईंनी तोंड वाकडं केलं, आणि गजानन तिथून हलला.

"असा नाई घेत तिचा," तो म्हणाला. "दुखते तिले. सरका."

तो खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसला. आपल्या खांद्यावरचा दुपट्टा देऊन तो नळाखाली ओला करून आणायला त्यानं मंगलला सांगितलं. त्यानं आईचा अंगठा पुसला, त्याच्यावर फुंकर घातली, आपल्या दोन तळव्यांमध्ये धरून हळूहळू चोळला. "रेशनच्या दुकानात दर महिन्याले घेतो मी," तो कोणाकडेही न पाहता म्हणाला. "कोरडा पडते. गरम करा लागते. आन सरळ नाई ठेवाचा, इकडून तिरपा." त्यानं तो तिरपा काचेवर टेकवला आणि वरून आपलं बोट नुसतं ठेवलं.

हिरवी बत्ती लागली.

ऑपरेटर बटणाजवळ बोट नेऊन थांबला. गजाननकडे पाहून त्यानं तेलुगूत विचारलं, हा कागद कशाचा आहे, ठाऊक आहे ना तुला?

आईचा अंगठा अजून काचेवर धरून होता तो. म्हणाला, "मालूम हाय. दाबा बटन."